भुऱ्याचा चौथा पाय

नाशिकच्या गंजमाळातल्या त्या गल्लीत चतुराबाईशी ज्याचं एकदाही वाजलं नाही असं घर औषधालासुद्धा सापडलं नसतं. नळावर तिच्या हंड्यापुढे आपली कळशी सरकवायची कुणाची छाती नव्हती. सरकवलीच, तर पुढचे आठ दिवस त्या घरातल्या सात पिढ्यांचा उद्धार गल्लीला फुकटात ऐकायला मिळे. “मी कुणाच्या अध्यात नाय आन् मध्यात नाय,” असं ती छातीवर हात ठेवून सांगे, आणि सांगता सांगता चार घरांच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राही. बाई वाईट नव्हती. पण गोड बोलणं तिला जमत नसे, आणि ज्यांना जमतं त्यांच्यावर तिचा विश्वास नसे.

पोटापाण्याला ती एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होती. नासर्डी नदीच्या काठावरून बेडूक धरून आणायचे, प्रॅक्टिकल झालं की ट्रे धुवायचे, बरण्यांमधलं फॉर्मलीन बदलायचं, माशांच्या टाक्या साफ ठेवायच्या. ही नोकरी मुळात तिच्या नवऱ्याची, भिकनची. चौऱ्याहत्तर साली भिकन विषमज्वरानं गेला आणि त्याच्या जागेवर तिला घेतलं. पदरी मूल नव्हतं. पदरी होती ती सासू.

सासूचं नाव चंद्रभागा. धाकटा मुलगा मनमाडला रेल्वेत होता, पण त्याच्या बायकोनं म्हातारीला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणून दम्यानं खोकणारी ती म्हातारी थोरल्या सुनेच्या पडवीत खाटेवर बसून असे. दोघींचं वैर नळावरच्या भांडणासारखं नव्हतं. भिकनला ताप असताना डॉक्टरनं बजावलं होतं, पेजेशिवाय पोटात काही घालायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात चतुराबाई औषध आणायला गेली होती. मुलगा काकुळतीला येऊन मागतोय हे म्हातारीला बघवलं नाही, आणि तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून त्याला चारली. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगलं, चौथ्या दिवशी तो गेला. भाकरीनंच गेला का? डॉक्टर म्हणाले, आतडं आधीच फाटायला आलं असेल, नक्की सांगता येत नाही. चतुराबाईला मात्र नक्की सांगता येत होतं, आणि ती आठ वर्षं रोज सांगत होती.

“आत्या, तुम्ही माझा नवरा खाल्ला. भाकर चारून मारला.” शिव्यासुद्धा ती अहोजाहो करून देई, तेवढी रीत तिनं सोडली नव्हती. सुरुवातीला म्हातारी उलटून बोले. “माझा कुणी नव्हता का गं त्यो?” असं विचारी. पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं. भांडण चुलीच्या धुरावरून सुरू होवो नाहीतर खोकल्यावरून, ते भाकरीवर येई, आणि तिथं म्हातारी गप्प होई. चतुराबाईच्या हातातला हा हुकमाचा एक्का. तो टाकला की डाव तिचा.

प्रयोगशाळेत राज्य अकोलकर सरांचं. हुशार माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि ज्याला पगार आपल्यापेक्षा कमी त्याच्याकडे बघताना डोळे जरा वर, कपाळाकडे ठेवायची सवय. सहा महिने प्रागला शिकून आले ते थर्मासमध्ये दोन जनावरं घालून आले. चहाच्या थर्मासमध्ये! वीतभर लांबी, गुलाबी झाक असलेलं पांढरं अंग, पालीसारखं शेपूट, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल मऊ तुरे, आणि जिवणी अशी की प्राणी कायम स्वतःशीच हसतोय. नाव अ‍ॅक्सोलॉटल. मूळचं मेक्सिकोतलं, जन्मभर पाण्यातच राहणारं. सरांनी वर्गात सांगितलं, की ह्याचा पाय तुटला तर नवा फुटतो, हाडासकट, बोटांसकट. दाराशी ट्रे पुसत उभ्या असलेल्या चतुराबाईनं ते ऐकून ठेवलं. दोघांतल्या लहान्याला ती भुऱ्या म्हणे. मोठ्याला काहीच म्हणत नसे, कारण मोठा तिला आवडत नसे.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये विद्यापीठाची समिती तपासणीला यायची होती. पाहुण्यांपुढे जनावरं चपळ दिसावीत म्हणून सरांनी दोन दिवस त्यांचं खाणं बंद करायला सांगितलं, आणि दोघांना वेगवेगळ्या टाक्यांतून काढून एकाच छोट्या काचेच्या टाकीत टेबलावर मांडलं. चतुराबाई म्हणाली, “सर, मोठा चावरा हाय. उपाशी ठिवून एका जागी नका घालू.”

“तुम्ही फरशी पुसून घ्या,” सर म्हणाले.

समिती टेबलाशी आली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं भुऱ्याचा पुढचा डावा पाय खांद्यातून तोडून गिळला. पाहुण्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. सर इंग्रजीत काहीतरी बोलले, मग चतुराबाईकडे बोट करून मराठीत म्हणाले, “ह्या बाईंना खायला घालायला सांगितलं होतं. काय करणार, माणसं अशी मिळतात.”

खोटं बोलणं चतुराबाईनं आयुष्यात पुष्कळ ऐकलं होतं. पण इतकं स्वच्छ, इस्त्री केलेलं खोटं तिनं पहिल्यांदा ऐकलं. समिती समोर होती. दात तिनं इतके आवळले की संध्याकाळी जबडा दुखत होता.

चौथ्या दिवशी भुऱ्याच्या जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी आली. तुरे सुकले, तो टाकीच्या तळाशी एका कुशीवर पडून राहिला. सर वाकून बघून म्हणाले, “नवा पाय फुटतो तो थंड देशात. नाशिकच्या उन्हाळ्यात हे दोन दिवस काढणार नाही. सडण्याआधी फॉर्मलीनमध्ये घाला, मी लेबल लिहून देतो.”

चतुराबाई म्हणाली, “मी घरी नेते.”

तिथं दोन प्राध्यापक होते, स्टोअरचा रंगनाथ होता. सरांनी डोळे तिच्या कपाळावर ठेवून म्हटलं, “न्या की. फक्त रात्री कालवण करू नका म्हणजे झालं.” दोन्ही प्राध्यापक हसले. रंगनाथ खाली बघत राहिला. त्या हसण्यात काय काय होतं, ते वस्तीतल्या बाईला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

“चारी पायांवर चालत आणून तुमच्या टेबलावर ठेवते,” ती म्हणाली. “मंग हसा.”

तिला त्या जनावराची दया आली होती असं म्हणून मी तिला उगाच मोठं करणार नाही. दया थोडी होती, राग फार होता. चार पाय हवे होते ते अकोलकरांच्या नाकावर टिच्चून दाखवायला. पुढचे चार महिने तिला दुसरं काही सुचलं नाही.

भुऱ्याला तिनं झाकणाच्या डब्यातून घरी आणलं आणि पिण्याच्या पाण्याचा आपला रांजण रिकामा करून त्याला दिला. तिचं गणित सरळ होतं. काचेची टाकी तापते. रांजण पाझरतो, म्हणून गार राहतो. पडवीच्या कोपऱ्यात, वारा येतो तिथं, तिनं नदीची वाळू पसरली, रांजण अर्धा वाळूत पुरला, भोवती गोणपाट गुंडाळलं आणि वाळू नि गोणपाट सतत ओलं राहील असं बघितलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येई, म्हणून ते दोन दिवस उघड्या घंगाळात ठेवून मग रांजणात. रोज दहा मिनिटं भुऱ्याला खडेमिठाच्या पाण्यात धरायचं, ही युक्ती तिला माशांच्या टाक्यांवरून माहीत होती. मोरीमागची माती उकरून गांडुळं काढायची, धुवायची, ब्लेडनं तुकडे करायचे आणि चिमट्यानं त्याच्या तोंडापुढे नाचवायची. त्याची घाण रबरी नळीनं ओढून काढायची. स्वतः ती तांब्याच्या हंड्यातलं कोमट पाणी प्यायली, सबंध उन्हाळा.

“पाल आणली गं बया घरात!” म्हातारीनं पहिल्याच दिवशी कपाळ बडवून घेतलं. “प्यायच्या रांजणात पाल! अगं, मी मेल्यावर तरी आणायची.”

“तुम्ही कवा मरता त्याची वाट बघत बसू का? आन् कान उघडून आयका. त्या पाण्यात कुणी कायबी टाकायचं नाय, बोट घालायचं नाय. रांजणाला हात लावलात तर हात मोडून ठिवीन.”

“मला काय करायचंय तुझ्या पालीशी!”

शेजारची शकुबाई गल्लीभर सांगत सुटली, की चतुरी करणी करते, रांजणात लंगडा देव ठेवलाय, त्याला गांडुळांचा नैवेद्य दाखवते. नळावर बायका तिच्यापासून हातभर लांब उभ्या राहू लागल्या. चतुराबाईला त्याचं वाईट वाटलं असतं, पण हंडा लवकर भरायला लागला म्हणून तिनं ते चालवून घेतलं. शकुबाईला तिनं एवढंच सांगितलं, “जास्ती बोललीस तर रात्रीला सोडीन तुझ्या घरात.” शकुबाईनं त्या रात्री दाराला आतून दगड लावला.

खरी अडचण दुपारची होती. एप्रिलचं ऊन असं, की सकाळी भिजवलेलं गोणपाट अकरालाच कडक व्हावं. चतुराबाई दहाला जाई ती पाचला येई, आणि मधले सात तास घरात म्हातारीशिवाय कुणी नाही. तिला सांगायचं म्हणजे तिच्यापुढे पदर पसरायचा. जीभ झडली असती तरी चतुराबाईनं ते केलं नसतं. पहिल्या कडक दिवशी ती कॉलेजातून जवळजवळ पळतच आली. मनात ठरवून आली होती, की भुऱ्या उलटा तरंगत असेल.

गोणपाट ओलं होतं. वाळूसुद्धा ओली होती, नुकतीच शिंपल्यासारखी.

“कुणी हात लावला हितं?”

“कोन लावतंय!” म्हातारी खाटेवरून म्हणाली. “तहान लागली म्हणून उठले, हात कापला, तांब्या सांडला. पाणी सांडलं म्हणूनबी फाशी देशील का?”

दुसऱ्या दिवशीही तांब्या सांडला. तिसऱ्या दिवशीही. पूर्ण उन्हाळाभर चंद्रभागाबाईच्या हातून रोज दुपारी तांब्या सांडत राहिला, कधी दोनदा, कधी तीनदा, आणि नेमका गोणपाटावरच. चतुराबाईनं एकदाही विचारलं नाही की बरं बोलली नाही. उलट, “पाण्याची नासाडी करताय,” म्हणून बोल लावला. म्हातारीनं “तुझ्या बापाचं पाणी हाय का?” म्हणून परत केलं. गल्लीला वाटलं, चाललंय नेहमीचं.

कॉलेजात मात्र मोठा मेला. समितीनंतर सरांनी ती टाकी चतुराबाईकडून काढून घेतली होती. सुट्टीत कुणी लक्ष दिलं नाही, काचेतलं पाणी तापलं, आणि सर गावाहून परतले तेव्हा टाकीतून वास येत होता. ही बातमी रंगनाथनं चतुराबाईला सांगितली तेव्हा ती जरा हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

घरी भुऱ्याच्या खांद्याशी, मटकीला मोड यावा तसा एक गुलाबी कोंब आला होता. मे महिन्यात त्याचा चपटा वल्हा झाला. मग वल्ह्याला कोपर आलं. चतुराबाई सकाळी उठून आधी रांजणात बघे, मग तोंड धुई. जूनच्या शेवटी ती रांजणावर ओणवी झाली असताना तिच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, “बोटं फुटली! चार!”

“दुसऱ्या पायाला किती हायेत?” खाटेवरून आवाज आला.

“चारच.”

“मंग बरुबर हाय,” म्हातारी म्हणाली, आणि दोघींनी चोरी पकडल्यासारखी तोंडं फिरवली.

आता अकोलकर सरांचा सूर बदलला होता. मोठा गेल्यावर हे एकच उरलेलं. ते तिला बोलावून विचारू लागले, काय खातो, किती वाढला, पाण्याचं कसं करता. चतुराबाई उत्तर देई ते आढ्याकडे बघून. “जुलैच्या दुसऱ्या सोमवारी प्रॅक्टिकल सुरू होतील, तवा आणते. तुम्ही तुमच्या पोरांना बोलवा, त्या दोन सायबांनाबी बोलवा.” तिनं मनात सगळं मांडून ठेवलं होतं. टेबल कुठलं, कोण कुठं उभं असेल, आपण झाकण कसं काढू, आणि मग कोणतं वाक्य टाकू. वाक्य ती नळावर उभी राहून घोटत असे.

आषाढात धरणाकडून लाल पाणी येऊ लागलं. नळ सोडला की हंड्यात मातीचा काला. त्या दिवसांत घरोघरी एकच काम असे. तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात चार वळसे द्यायचे, गाळ खाली बसतो, वर निवळ पाणी. नाशिकच्या बायकांना हे शिकवावं लागत नसे. रांजण भरला की हात आपोआप तुरटीकडे जाई. चतुराबाई भुऱ्याचं पाणी तीनपदरी लुगड्यातून गाळून घेई, तरी ते चहाच्या रंगाचं राही, आणि त्यात भुऱ्या दिसेनासा झाला. तिची हरकत नव्हती. त्याला काही होत नव्हतं.

सोमवार उजाडायच्या आदला दिवस. रविवारी सकाळी ती नासर्डीवर ताजी गांडुळं आणायला गेली. दीड तासानं आली तर म्हातारी रांजणाजवळ पाटावर बसलेली, दंडापर्यंत हात ओला, आणि चेहऱ्यावर असं काही, जे चतुराबाईनं त्या चेहऱ्यावर आठ वर्षांत बघितलं नव्हतं. म्हातारी खूश होती.

“बघ,” ती म्हणाली. “आरशावाणी केलं पाणी. शंभर वळसे दिले मोजून, दम लागला मला. उंद्या सायबापुढं न्यायचं, आन् आसल्या राबडीत नेशील का? आन् मला ती बोटं मोजायची व्हती. तू म्हणलीस चार. मला कुठं दिसली अजून?” तिच्या मुठीत तुरटीचा झिजलेला खडा होता.

पाणी खरोखर आरशासारखं होतं. रांजणाचा तळ दिसत होता, आणि भुऱ्या दिसत होता. अंगावर शेंबडासारखा पांढरा थर, तुरे आखडून काळपट झालेले. तो वर येई, हवा गिळे, खाली जाई.

चतुराबाईनं त्याला उचललं, घंगाळात घातलं, पाणी बदललं, पुन्हा बदललं, शेजारच्या घरातलं साठवलेलं पाणी मागून आणलं, तेही शकुबाईच्या घरातलं. शकुबाईनं घाबरून देऊन टाकलं. दोन वाजेपर्यंत चतुराबाई त्याला तळहातावर पाण्यात धरून बसली. मग तो तळहातावर नुसता पडून राहिला.

“काय झालं गं?” म्हातारी विचारत होती. “सकाळपर्यंत तर चांगलं व्हतं. चारी बोटं मोजली की मी. कशानं गं?”

चतुराबाईनं मान वर केली. तिच्या ओठांवर काय होतं ते सांगायची गरज नाही. ‘एक भाकर चारून खाल्ला, दुसरा तुरटी फिरवून खाल्ला.’ असला एक्का तिला जन्मात पुन्हा मिळणार नव्हता. आणि समोर ती म्हातारी ओला हात पदराला पुसत, खरोखर काही न कळून, तिच्याकडे बघत होती. भिकन गेला त्या दिवशीही ती अशीच बघत होती. तेव्हाही हीच बया विचारत होती, कशानं गं. आणि तेव्हा चतुराबाईनं सांगितलं होतं.

“पाणी वाईट,” चतुराबाई म्हणाली. “म्युनसिपालटीचं पाणीच सडकं. औषध जास्ती टाकलं आसंल.”

“आग लागो त्यांच्या म्युनसिपालटीला!” म्हातारीनं तिथंच बसून नगरपालिकेच्या आईबापांपासून सुरुवात केली. दम लागेपर्यंत शिव्या दिल्या, मग डोळ्यांना पदर लावला. चतुराबाई मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ.

सोमवारी ती डबा घेऊन गेली. टेबलाभोवती सगळे जमले होते, सर, ते दोन प्राध्यापक, तिसऱ्या वर्षाची पोरं, रंगनाथ. तिनं झाकण काढलं. सरांनी चिमट्यानं तो पाय उचलून बघितला, भिंगाखाली धरला, बोटं मोजली. एक क्षणभर त्यांचे डोळे कपाळावरून खाली आले आणि त्यांनी चतुराबाईकडे नीट बघितलं. तेवढ्या क्षणासाठी तिनं चार महिने घातले होते. मग त्यांनी जनावराच्या पाठीवरून बोट फिरवलं, बोटावरचा थर बघितला.

“पाण्यात काय घातलं होतं?”

“तुरटी.”

“तुरटी!” सर ओरडले. “अहो, हा कातडीनंसुद्धा श्वास घेतो! कोणी घातली? ती सासू का तुमची? नेहमी सांगत असता, तीच ना, भाकरी चारणारी?”

तो एक्का तिनं ह्या खोलीतसुद्धा कितीदा तरी टाकला होता. सगळ्यांना पाठ होता. पोरांतून कुणीतरी हसलं.

“मी घातली,” चतुराबाई म्हणाली.

“तुम्ही?”

“मी. हाताची सवय. रांजण दिसला, फिरवली.”

रंगनाथ म्हणाला, “बाई, तुम्ही तर आम्हाला टाकीत बोट घालू देत न्हाई...”

“तू गप रे!” ती त्याच्यावर अशी खेकसली की तो दोन पावलं मागे गेला.

सर बोलले. पुष्कळ बोलले. युरोपातून जिवापाड जपून आणलेलं जनावर, अडाणी ते अडाणीच, ह्यांच्या हाती काही द्यायची सोय नाही, मी आधीच म्हणालो होतो. एकाला उत्तर दिल्याशिवाय जिला घास गिळवत नसे, ती बाई टेबलाची कड धरून ऐकत उभी राहिली. घोटून ठेवलेलं वाक्य तिच्या आत कुठंतरी पडून राहिलं. चार वाजता मेमो टाइप होऊन आला, निष्काळजीपणामुळे शैक्षणिक नमुन्याची हानी. तिनं तो वाचला आणि खाली सही केली. बरणीत फॉर्मलीनही तिनंच ओतलं. लेबलावर लिहिलं होतं, अवयवाची पुनर्निर्मिती, आणि खाली प्रा. अकोलकर. ते वाचून मात्र तिनं बरणी कपाटात जरा जोरातच ठेवली.

घरी आली तर म्हातारी पडवीत तिची वाट बघत होती.

“काय म्हणला सायेब?”

“म्हणला, चारी पाय हायेत.”

“आन् मेलं कशानं म्हणला?”

“पाण्यानं. मी म्हणलं व्हतं तेच.”

“मी नव्हतं का सांगितलं!” म्हातारीनं मांडीवर थाप मारली. सायबाचं नि आपलं मत एक झालं म्हणून तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. थोडा वेळ ती रिकाम्या रांजणाकडे बघत खोकत बसली. मग म्हणाली, “चतुरे, त्या सायबाला सांग, तसलं आजून एक आण म्हणावं. त्यो परत तिकडं परदेशात गेला, की आण म्हणावं. तू जातीस कामाला, तुला कुठं येळ हाय. पाण्याचं सगळं मी बघते, तू नको बघू.”

चतुराबाईनं पायांतल्या वहाणा काढल्या, भिंतीशी नीट लावल्या.

“बघा तुम्हीच,” ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.